बाल्याची अखेर : परळची एक हकीकत

वयांत येणाऱ्या मुलाची कथा संपते तेव्हां वाचकाच्या मनांत बहुधा गोड हुरहूर उरते. कांहीं हरवलेलें असतें, पण पाठीशीं घर असतें. श्रोतेहो, परळच्या गिरण्यांभोंवतीं बाल्याची अखेर कायदा ठरवी. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें सात वर्षांचें मूल कामास घेतां येई. १८९१ मध्यें ही मर्यादा नऊ झाली, १९२२ मध्यें बारा.

याच गिरणगांवांत नारायण सुर्वे वाढले. रस्त्यावर सांपडलेल्या या अर्भकास गंगाराम व काशीबाई या गिरणीकामगार दांपत्यानें आपलें नांव दिलें, चौथीपर्यंत शिकविलें. १९३६ च्या सुमारास गंगाराम निवृत्त होऊन कोकणांत गांवीं निघाले, तेव्हां त्यांनीं मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले.

गॉर्कीच्या ‘बालपणा’ची अखेर येथें आठवते. आई वारल्यावर आजोबा नातवास सरळ जगांत हांकलतात. त्या निरोपांत कठोरपणा आहे. दहा रुपयांत तो मला दिसत नाहीं. निवृत्त कामगाराची ऐपत पाहतां रक्कम लहान नव्हती. पण एकट्या पोरास ती किती दिवस पुरणार? राग धरावा तर माया आड येते, आणि मायेवर विसंबावें तर माणूस गांवीं गेलेला.

पुढें हॉटेलांतला पोऱ्या, हमाल, शाळेंतला शिपाई, मग शिक्षक. १९६२ सालीं ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह निघाला. त्यावर आडनांव होतें सुर्वे.