दुरुस्तीची मौखिक परंपरा : भारतीय स्कूटर आणि तिचे वाचक

१. विषयप्रवेश

यंत्राचा इतिहास सामान्यतः शोधाच्या तारखेपासून सुरू होतो आणि उत्पादन थांबल्याच्या तारखेला संपतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात ते यंत्र कोणी आणि कसे चालते ठेवले, हा प्रश्न इतिहासलेखनाच्या कक्षेत अभावानेच येतो. भारतातील स्कूटरच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. १९६० ते २००५ या साडेचार दशकांत स्कूटर हे नागर मध्यमवर्गाचे कौटुंबिक वाहन होते आणि ती चालती ठेवण्यासाठी लागणारे ज्ञान मुख्यतः मौखिक होते. कारखान्याची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असे. दुरुस्ती मात्र मराठीत, हिंदीत, पंजाबीत, तमिळमध्ये होत असे. या ज्ञानाचा एक मौखिक परंपरा म्हणून विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. संहिता, भाषांतर आणि परंपरा या तौलनिक साहित्याभ्यासातील तिन्ही संकल्पनांची कसोटी येथे ग्रंथालयाबाहेर लागते.

२. रचनेत गृहीत धरलेली दुरुस्ती

स्कूटरच्या रचनेतच दुरुस्तीचा विचार होता. पिआज्जिओ ही इटालियन कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमाने बनवीत असे. युद्धात तिचा पोंतेदेरा येथील कारखाना बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला आणि एन्रिको पिआज्जिओ यांनी सामान्य माणसाला परवडेल अशा वाहनाचे काम कोर्रादिनो द'आस्कानियो या विमान अभियंत्याकडे सोपविले. द'आस्कानियो यांना मोटरसायकल आवडत नसे. तिच्या साखळीने कपडे खराब होतात आणि तिचे चाक बदलणे जिकिरीचे असते, हे त्यांचे आक्षेप होते. २३ एप्रिल १९४६ रोजी ज्या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला, त्यात या आक्षेपांची उत्तरे आहेत. पत्र्याचा भारवाही सांगाडा, मागच्या चाकाला थेट जोडलेले आणि झाकलेले एंजिन, हँडलवरचे गिअर आणि मोटारीप्रमाणे एकाच बाजूने आधारलेले, म्हणून नट सोडवून पटकन काढता येणारे चाक. ‘व्हेस्पा’ म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. पुढच्याच वर्षी मिलान येथील इन्नोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा बाजारात आणली.

ही दोन्ही वाहने अल्पावधीत भारतात पोहोचली. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटाची जुळणी सुरू केली. बजाज ऑटोला १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९६० च्या दशकात पिआज्जिओच्या सहकार्याने तिची व्हेस्पा रस्त्यावर आली. १९७१ मध्ये हा करार संपला आणि १९७२ पासून तीच रचना महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ म्हणून धावू लागली. त्याच वर्षी लखनौ येथे स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली. इन्नोचेंतीची यंत्रसामग्री विकत घेऊन तिने ‘विजय सुपर’ काढली. पुढे १९८० च्या दशकात कानपूरच्या एलएमएलने पिआज्जिओशी नवा करार केला.

दुरुस्तीच्या इतिहासासाठी या तपशिलातील महत्त्वाची बाब वेगळीच आहे. परवाना पद्धतीत उत्पादनावर मर्यादा होती, मागणी तिच्या कितीतरी पट होती आणि स्कूटरची नोंदणी केल्यावर अनेक वर्षे वाट पाहावी लागे. ज्या वस्तूची बदली वस्तू उपलब्ध नसते ती वस्तू मोडीत निघत नाही. इटलीत जी सोय सोपेपणासाठी केली होती, ती भारतात दीर्घायुष्यासाठी वापरली गेली. पंधरा-वीस वर्षे एकच स्कूटर वापरणारे कुटुंब हे त्या काळी अपवादात्मक नव्हते. या टिकाऊपणाचे श्रेय कारखान्याइतकेच नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जाते.

३. निदानपद्धती

दोन धावांच्या एंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते आणि तेच तेल दट्ट्या व फिरत्या दांड्याला वंगण देऊन पेट्रोलबरोबर जळून जाते. प्रमाण लिटरमागे साधारणतः २० ते ४० मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो, ज्याला गॅरेजच्या भाषेत ‘गाडी सीज झाली’ असे म्हणत. जास्त झाले तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. पंपावर पेट्रोल भरणे ही क्रियादेखील अशा रीतीने देखभालीचाच भाग होती आणि तिच्यातील चूक काही आठवड्यांनी यंत्राच्या अंगावर उमटत असे.

स्कूटर सुरू होत नसेल तर मिस्त्री तीन प्रश्नांच्या क्रमाने जात असे : पेट्रोल येते का, करंट येतो का, कॉम्प्रेशन आहे का. प्लग काढला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकदम मिळत. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, कोरडा असेल तर नळी, फिल्टर किंवा कार्ब्युरेटरचा जेट तुंबला आहे. मग प्लग वायरला जोडून एंजिनच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळसर, टणक ठिणगी आली तर ठीक. पिवळट, मरतुकडी आली किंवा आलीच नाही तर दोष पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलमध्ये. किक हलकी लागत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि आता ‘बोअरचे काम’ निघणार, हे मालकाला ऐकावे लागे.

चालत्या गाडीचा प्लगही वाचला जाई. विटकरी किंवा कॉफीसारखा रंग निरोगी. काळी ओलसर काजळी म्हणजे मिश्रण दाट किंवा तेल जादा. पांढुरका, भाजलेला प्लग म्हणजे मिश्रण पातळ आणि एंजिन तापते आहे. पॉइंटमधील अंतर सुमारे ०.४ आणि प्लगमधील सुमारे ०.६ मिलिमीटर असावे लागे. त्यासाठी फिलर गेज हे साधन असले, तरी प्लगसाठी हॅकसॉ ब्लेडचा तुकडाच पुष्कळदा वापरात असे. हा व्यवहार अडाणीपणाचा नव्हता, कारण अशा ब्लेडची जाडी जवळपास तेवढीच भरते. पिकअप गेलेल्या गाडीचा सायलेन्सर काढून त्यातील काजळी जाळणे आणि सकाळी रुसलेली स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारणे, हे उपचार तर घराघरांत ठाऊक होते.

आयुर्वेदातील दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेशी या पद्धतीचे साम्य लक्षणीय आहे. मिस्त्री पाहतो, हात लावतो आणि मालकाला विचारतो : चढावर दम खाते का, थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? साम्याचे कारण प्रभाव मानण्याची गरज नाही. आतली रचना उघडून पाहणे महाग असेल तेथे बाह्य लक्षणांचे व्याकरण तयार होतेच. येथे लक्ष द्यावयाचे ते त्या व्याकरणाच्या संक्रमणाकडे. ते नियम म्हणून पाठ करून घेतले जात नसे, प्रसंगाप्रसंगाने हाती येई. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले, त्याचे हे नेमके उदाहरण ठरावे.

४. शब्दांचा प्रवास

या परंपरेची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘मिस्त्री’ आणि ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजमधून आले, ‘दुरुस्ती’, ‘उस्ताद’, ‘पेच’ हे फारसीतून, ‘मरम्मत’ अरबीतून, प्लग, किक, क्लच इंग्रजीतून. ‘ठिणगी’ आणि ‘काजळी’ घरच्या. भारताच्या किनाऱ्यावर आणि दरबारात चार-पाच शतके जे भाषासंपर्क घडले, त्यांचे थर एका गॅरेजच्या संभाषणात एकाच वेळी ऐकू येतात.

याच काळात परिभाषानिर्मितीचे दुसरे कार्य सरकारी पातळीवर चालू होते. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि दिल्लीत १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. ‘अंतर्ज्वलन एंजिन’, ‘दट्ट्या’, ‘झडप’ असे शब्द ज्ञानकोशांत आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. गॅरेजने त्यांतील फारच थोडे स्वीकारले. कोशकारांचे श्रम त्यामुळे व्यर्थ ठरत नाहीत, कारण त्यांचा वाचक वेगळा होता. परंतु ज्यांच्या हातात यंत्र होते त्यांच्यापर्यंत हे शब्द गेले नाहीत आणि त्यांचे शब्द कोशांत आले नाहीत. ‘जेटमध्ये कचरा आला’, ‘गाडी दम खाते’, ‘क्लच घसरतो’ ही वाक्ये तांत्रिक मराठीच होती, पण तशी त्यांची गणना झाली नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात अलुत्याबलुत्यांची कामे आणि त्यांचे शब्द नोंदवून ठेवले. तशी नोंद गॅरेजच्या वाट्याला आलेली दिसत नाही.

५. एक तुलना

दुरुस्ती हा विषय पाश्चात्त्य साहित्यात मध्यवर्ती करणारी कृती म्हणजे रॉबर्ट पिरसिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४). तीत निवेदक मित्राच्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचे सैल हँडल बसविण्यासाठी बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती सुचवितो. ती तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही मित्राला हा आपल्या महागड्या गाडीचा अपमान वाटतो. पिरसिग यांच्या लेखी हा वस्तूकडे पाहण्याच्या दोन दृष्टींतील संघर्ष आहे : एक बाह्य रूप पाहणारी, दुसरी अंतर्गत कार्य पाहणारी.

हॅकसॉ ब्लेडचा तुकडा या प्रसंगाशेजारी ठेवला की फरक उमगतो. पिरसिग यांच्या निवेदकासाठी स्वतः दुरुस्ती करणे ही निवड आहे, म्हणून ती तत्त्वचिंतनाचा विषय होऊ शकते. भारतीय स्कूटरमालकापुढे आणि मिस्त्रीपुढे अशी निवड फारशी नव्हती. तेथे पत्र्याच्या चकतीवर चर्चा झालीच नसती. ती बसविली गेली असती. टंचाईतून आलेले कौशल्य स्वतःविषयी बोलत नाही आणि म्हणून त्याचे साहित्य होत नाही. इटलीत व्हेस्पा चित्रपटातून स्वातंत्र्याचे प्रतीक झाली, अमेरिकेत मोटरसायकलच्या देखभालीवर तत्त्वज्ञानात्मक कादंबरी झाली, आणि भारतात १९८९ च्या ‘हमारा बजाज’ या जाहिरातमोहिमेने स्कूटरला राष्ट्रीय कुटुंबचित्रात बसविले. या तिन्ही प्रतिमांत मिस्त्रीचे स्थान नगण्य आहे.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरणही टाळावयास हवे. गॅरेजमधील गुरुशिष्य संबंधात शिष्य पुष्कळदा शाळा सुटलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा असे. १९८६ चा बालकामगार कायदा झाल्यावरही हे चित्र लगेच पालटले नाही. पेट्रोल आणि काजळीत उघड्या हातांनी केलेल्या कामाची किंमत त्याच हातांनी मोजली. दोन धावांच्या एंजिनातून न जळलेले इंधन बाहेर पडे, आणि सुट्या तेलाचा अंदाजाने होणारा वापर शहरांच्या हवेत धूर मिसळीत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्लीतील सुट्या टू-टी तेलाची विक्री बंद करण्याचा आदेश दिला, तो या पार्श्वभूमीवर.

६. परंपरेची अखेर

बदलाची पहिली चाहूल १९८४ मध्ये बटनावर सुरू होणाऱ्या, गिअर नसलेल्या कायनेटिक होंडाने दिली. पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने घेतली आणि ब्लेड व पॉलिश पेपर घेऊन बसण्याचे एक कारण संपले. या शतकाच्या आरंभी चार धावांच्या स्कूटरी आल्या आणि तेल मिसळणे थांबले. २००५ मध्ये जुन्या चेतकचे उत्पादन बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाल्यावर नव्या स्कूटरींत कार्ब्युरेटरऐवजी संगणकनियंत्रित इंधनपुरवठा आला. चेतक हे नाव २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. तिच्यात प्लग, जेट किंवा रिंगा नाहीत.

आजच्या स्कूटरचा दोष निदानयंत्र जोडून संकेतांकाच्या रूपात वाचला जातो. हे वाचन अधिक अचूक असू शकते, परंतु वाचण्याचा अधिकार ते यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्यापुरता राहतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्यामागे हीच चिंता आहे. जे पूर्वी हक्क म्हणून मागावे लागत नव्हते, कारण ते ज्ञान रस्त्यावर उघडे होते, ते आता कायद्याच्या भाषेत मागावे लागत आहे.

प्लगचा रंग वाचणारी पिढी अद्याप हयात आहे. पुण्यात, कानपुरात, दिल्लीच्या करोलबागेत जुन्या स्कूटरींवर काम करणारे हात अजून आहेत, पण त्यांच्याकडे शिकायला येणारे कमी होत आहेत. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी ओव्या आणि लोकगीते ज्या तातडीने नोंदवून घेतली, ती तातडी या शब्दांच्या आणि कृतींच्या बाबतीतही दाखविणे आवश्यक आहे. अशा नोंदीत शब्दाबरोबर तो ज्या आवाजाला, वासाला किंवा स्पर्शाला लागू होतो त्याचेही वर्णन असावे लागेल. एरवी ‘गाडी दम खाते’ हे वाक्य कोशात राहील आणि ते ऐकून नेमके काय तपासायचे, हे सांगणारा कोणी उरणार नाही.