उपदेश, ख्रिस्ती

ख्रिस्ती उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन झाल्यावर, वाचलेल्या वचनांचा अर्थ उलगडून तो समोरच्या माणसांच्या नित्याच्या आचरणाला लावून दाखविणारे जे भाषण धर्मगुरू अथवा पाळक करतो, त्यास उपदेश किंवा प्रवचन म्हणतात. यहुदी सभास्थानांतील विवरणाच्या रिवाजातून ही प्रथा आली. नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा उतारा वाचून येशूने त्यावर केलेले भाष्य लूककृत शुभवर्तमानात नमूद आहे. आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिन याने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यातही आधी वाचन व मग अध्यक्षाचा बोध हाच क्रम आढळतो.

या कलेचे शास्त्र प्रथम सांगोपांग मांडले ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने. मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक असताना तो बिशप अँब्रोज याची प्रवचने ऐकावयास जाई ती केवळ त्याच्या भाषाशैलीची पारख करण्यासाठी. परंतु शैलीबरोबर आशयही अंतःकरणात उतरत गेला आणि 387 साली त्याने त्याच अँब्रोजच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. पुढे ख्रिस्ती शिकवणीविषयीच्या आपल्या ग्रंथाचा चौथा भाग त्याने वक्त्यासाठीच लिहिला. शिकविणे, रिझविणे व हृदय हलविणे ही वक्त्याची तीन कर्तव्ये त्याने रोमन वक्ता सिसेरो याच्याकडून घेतली, आणि त्यांपैकी शिकविणे हे अत्यावश्यक मानले. व्याकरणपंडितांनी नावे ठेवली तरी चालतील, पण सामान्य श्रोत्यास अर्थबोध झाला पाहिजे, असे त्याचे मत होते. आणि बोलण्यास उभे राहण्यापूर्वी वक्त्याने प्रार्थना करावी, हा त्याचा दंडक होता. उत्तर आफ्रिकेतील चर्चमध्ये बिशप आसनावर बसून बोले, मंडळी उभ्याने ऐके, आणि लघुलेखक ते शब्द टिपून घेत. त्याची शेकडो प्रवचने आज उपलब्ध आहेत, ती मुख्यतः या लेखनिकांमुळे.

त्याच ग्रंथात त्याने मॉरिटेनियातील सीझरिया (आजच्या अल्जीरियातील शेर्शेल) येथील एक प्रसंग नोंदविला आहे, आणि उपदेशाच्या प्रयोजनाविषयी यापेक्षा बोलके प्रमाण क्वचितच सापडेल. त्या गावी दरसाल ठराविक काळी नागरिक दोन तट करून कित्येक दिवस दगडांनी लढत. भाऊ भावावर, बाप लेकावर उठे, आणि माणसे मरत. ही वडिलोपार्जित रूढी मोडावी म्हणून ऑगस्टीनने आपले सारे वाक्सामर्थ्य पणास लावले. श्रोत्यांनी वाहवा केली, तेव्हा आपण त्यांना केवळ शिकविले व रिझविले एवढेच त्याने जाणले. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, तेव्हाच त्याला कार्य सिद्धीस गेल्याचा भरवसा वाटला. आठ वर्षे वा त्याहून अधिक काळ लोटला तरी तो प्रकार तेथे पुन्हा घडला नाही, असे तो लिहितो.

मध्ययुगात उपदेशाकडे झालेले दुर्लक्ष 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ध्यानी घेतले व बिशपांनी योग्य उपदेशक नेमावेत असे फर्माविले. लगेच पुढील वर्षी डॉमिनिकच्या उपदेशक संघास पोपची मान्यता मिळाली. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथांत उपदेश हाच उपासनेचा कणा ठरला.

मराठी मुलखात या कलेने वेगळे व समृद्ध वळण घेतले. गोव्यातील साष्टी प्रांतात कार्य करणाऱ्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती श्रोत्यांस आपल्या जुन्या पुराणश्रवणाची उणीव भासू नये म्हणून मराठी ओव्यांत रचलेले 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या परिसरातील मिशनच्या कामात कीर्तनाचा अवलंब झाला, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग व कीर्तन यांच्या द्वारे ख्रिस्तकथा सांगून ती परंपरा उंचीस नेली. टाळमृदंगाच्या साथीने कथा ऐकण्याचा ज्यांना पिढीजात सराव होता, त्यांच्यापुढे पाश्चात्त्य पद्धतीचे मुद्देसूद व्याख्यान ठेवण्याऐवजी त्यांच्याच कानांना ओळखीचा घाट टिळकांनी निवडला, ही त्यांची दृष्टी सामान्य श्रोत्यास अर्थबोध झाला पाहिजे या ऑगस्टीनच्या मताशी पुरेपूर जुळणारी आहे.