शब्द माहीत असणं आणि शब्द सापडणं

चौथीच्या वर्गात गुरुजी एक चित्र दाखवतात. "हे काय आहे?" मुलगी म्हणते, "ते लोहाराचं... त्याच्यावर लोखंड ठेवून ठोकतात ना, ते." गुरुजी थोडं थांबतात आणि शेजारच्या मुलाकडे वळतात. तो चटकन सांगतो, "ऐरण!" त्याला एक गुण, मुलीला शून्य.

या मुलीला 'ऐरण' शब्द माहीतच नाही, की माहीत असून ऐनवेळी सापडला नाही? प्रश्न साधा वाटतो. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ओळखून त्या वेगवेगळ्या तपासायला शास्त्रज्ञांना सुमारे शंभर वर्षं लागली.

१८८६ साली जेम्स कॅटेल यांनी जर्मनीत लायप्झिगला केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. छापलेला शब्द वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ चित्राचं किंवा रंगाचं नाव सांगायला लागतो, असं त्यांना आढळलं. लाल रंग ओळखायला का आपल्याला वेळ लागतो? नाही. पण वाचन सवयीनं आपोआप होतं, नाव मात्र प्रयत्नानं शोधावं लागतं, असं कॅटेल यांचं स्पष्टीकरण होतं. ओळखणं आणि नाव सापडणं यांत अंतर असतं, हे इथे घड्याळानं दाखवून दिलं.

शाळेपर्यंत हा विषय आला तो फ्रान्समध्ये. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली ३० कसोट्यांची मालिका तयार केली. एका कसोटीत परीक्षक नाव घेई आणि मुलानं चित्रातली ती वस्तू दाखवायची. दुसरीत परीक्षक वस्तू दाखवी आणि मुलानं नाव सांगायचं. म्हणजे समजणं आणि सांगणं हा भेद बिने यांच्या कसोट्यांत होता. पण पुढे सगळ्या उत्तरांचं मिळून एकच 'मानसिक वय' काढलं जाऊ लागलं आणि त्या एका आकड्यात हा भेद बुडून गेला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवल्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. असं काम नुसत्या भाषांतरानं होत नाही. एका भाषेतला सोपा शब्द दुसरीत अवघड असू शकतो.

१९५९ मध्ये अमेरिकेत लॉइड डन यांनी फक्त समज तपासणारी चाचणी काढली. चार चित्रांपैकी योग्य त्या चित्रावर मुलानं बोट ठेवायचं, बोलायची गरजच नाही. मग उरला दुसरा अर्धा भाग: शब्द अडतो कुठे?

१९६५ मध्ये ओल्डफील्ड आणि विंगफील्ड यांनी दाखवलं की बोलण्यात क्वचित येणारी नावं सांगायला जास्त वेळ लागतो. पुढच्याच वर्षी ब्राऊन आणि मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना अपरिचित शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. तारे पाहून जहाजाचं स्थान ठरवायला वापरतात ते उपकरण कोणतं? 'सेक्स्टंट' हा शब्द ओठांवर येऊन अडलेल्या अनेकांना त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यातले उच्चारखंड किती, हे बरोबर सांगता आलं! शब्द हरवला नव्हता, अर्धवट हाती लागला होता.

मग चाचण्या बदलल्या. १९८३ च्या बोस्टन नामकरण चाचणीत अडलेल्या माणसाला शब्दाचा पहिला ध्वनी सुचवण्याची सोय होती. मात्र तिच्यात बीव्हर, प्रेट्झेल अशी चित्रं आहेत. आपल्या मुलाला ती अडली, तर दोष त्याच्या स्मरणाचा कसा म्हणायचा? १९८६ मध्ये डायान जर्मन यांनी खास मुलांसाठी शब्द सापडण्याची चाचणी काढली. तिच्यात लागलेला वेळ पाहतात आणि जे नाव मुलाला सांगता आलं नाही, ते त्याला समजतं का हेही तपासतात.

आता आपल्या मुलीकडे परत येऊ. तिच्यासमोर चार चित्रं ठेवा आणि म्हणा, "यातली ऐरण दाखव." तिनं बरोबर दाखवली तर शब्द तिच्याकडे बहुधा आहे. बहुधा अशासाठी, की चारांत एकदा अंदाजही बरोबर येतो; म्हणून असे बरेच शब्द विचारून पाहावेत. मग नुसतं "ऐ..." म्हणून थांबा. आणि हेही विचारा, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" कदाचित तिच्याकडे वेगळाच, पण अगदी नेमका शब्द असेल.

एवढ्यानं निदान होत नाही. माहीत असलेले शब्द एखाद्या मुलाला वारंवार अडत असतील, तर वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवायला हवं. पण ज्याला शब्द माहीत नाही त्याला तो शिकवावा लागतो; ज्याला सापडत नाही त्याला वेळ आणि आधार द्यावा लागतो. दोघांनाही शून्य देऊन पुढे गेलो, तर यातलं काहीच आपण करत नाही.