पंतोजी, दिपोटी आणि दफ्तर

शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की आपल्याकडे बहुधा थोर पुरुषांची चरित्रे लिहिली जातात. कोणी कोणती शाळा काढली, तिच्यासाठी किती शेणगोळे सोसले, हे आपण भक्तीने वाचतो व वाचावेही. पण शाळेच्या जमाखर्चाच्या वहीकडे सहसा कोणी वळत नाही. ती रुक्ष असते हे कबूल. तथापि समाजाला कशाची खरी चाड आहे हे त्याच्या व्याख्यानांपेक्षा त्याच्या वहीवरून अधिक कळते, असे माझे मत होत गेले आहे. पुणे शहराच्या प्राथमिक शिक्षणाकडे या वहीच्या अंगाने पाहिले म्हणजे तीन प्रश्न पुन्हापुन्हा सामोरे येतात. पैसा कोणी द्यावयाचा? त्यातला वर्गात किती जावयाचा आणि कचेरीत किती राहावयाचा? आणि तो अपुरा पडला म्हणजे आधी कोणाच्या मुलाला थांबवावयाचे? या तिहींचा माग काढण्याचा येथे माझा विचार आहे.

पेशवाईत विद्येवर सरकारी खर्च होत नव्हता असे नाही. श्रावणातील दक्षिणेची रक्कम मोठी असे. पण ती शास्त्री-पंडितांसाठी. गल्लीतल्या पंतोजीला तिच्यातली कवडीही मिळत नसे. तो पालकांनी दिलेल्या शिध्यावर, दरमहाच्या दोनचार आण्यांवर आणि सणावारच्या देणगीवर जगे. त्याच्यावर ना तपासनीस, ना कारकून. कचेरीचा खर्च शून्य! मात्र शिकणाऱ्यांचे वर्तुळही तेवढेच आखूड होते. ज्याला देणे परवडत नसे त्याचा मुलगा ओटीवर येतच नसे. आणि ज्याची जात आड येई त्याला तर पैसे असूनही दार बंद होते. स्वस्त व्यवस्था ती चांगली व्यवस्था, असे समजणाऱ्यांनी या पंतोजीची आठवण ठेवावी.

१८१८ साली राज्य बदलले. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम तोडली नाही. तिच्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ च्या सुमारास शहरातल्या सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या रकमेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना द्यावा. लोकहितवादी या खटपटीत होते व जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शहरात मोठे वादळ उठले. सार्वजनिक पैशातून विद्येचा कोणता प्रकार व कोणता वर्ग पोसावयाचा, यावर पुण्यात झालेला हा पहिला जाहीर तंटा, असे म्हणावयास हरकत नाही. तो वरवर ग्रंथांविषयी होता; वस्तुतः तो अंदाजपत्रकाविषयी होता.

१८५४ चा वुडचा खलिता आला आणि १८५५ साली मुंबई इलाख्यात स्वतंत्र शाळाखाते स्थापन झाले. अर्स्किन हा पहिला डायरेक्टर. डायरेक्टरची कचेरी पुण्यास राहिली; आज राज्याच्या शिक्षण आयुक्तांची कचेरीही पुण्यातच आहे. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे हे शहर शाळांचे जितके, तितकेच शाळांच्या दफ्तरांचेही माहेर ठरले आहे. त्या नव्या खात्यात डायरेक्टरच्या खाली विभागाला एज्युकेशनल इन्स्पेक्टर आणि जिल्ह्याला डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड होती. डेप्युटीला लोकांनी 'दिपोटी' करून टाकले, आणि दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवून निघू लागल्या.

या उतरंडीला पैसा लागे, व शाळांनाही लागे. तेव्हा १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयावर एक आणा जादा बसविण्यात आला. हाच लोकल फंड. त्यातील दोनतृतीयांश रस्त्यांसारख्या कामांना आणि एकतृतीयांश शाळांना. एक आणा देणारा कुणबी; मात्र त्याच्या गावात शाळा निघेलच, आणि निघाली तरी त्याचा मुलगा तिच्यात बसेलच, याची हमी कोणी देत नव्हते.

हे बोलून दाखविले जोतीरावांनी. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यातला वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होणाऱ्या उधळपट्टीचा भाग सर्वांना ठाऊक असतो. मला त्यातला दुसरा, कमी वाचला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. ते १८७६ पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. जमाखर्च कसा फिरतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून त्यांच्या मागण्या एखाद्या हिशेबनीसाच्या तोंडी शोभाव्यात इतक्या नेमक्या आहेत. लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शाळांना द्या. आपापल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांवर कायद्याने बंधनकारक करा. वरून प्रांताच्या किंवा साम्राज्याच्या तिजोरीतून भर घाला. शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार देऊ नका.

आणि तपासणीविषयी? येथे वाचकांस थोडे आश्चर्य वाटेल. ज्या माणसाने खात्यावर एवढे कोरडे ओढले, त्याने तपासनीस कमी करा असे म्हटले नाही. उलट तपासणी अपुरी आहे, दिपोटीने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही, निदान दर तिमाहीस शाळा तपासावी, आणि मधून मधून आगाऊ वर्दी न देता यावे, असे त्यांचे सांगणे होते. कचेरीवरचा सगळा खर्च वायफळ, हा सोपा सिद्धान्त त्यांनी स्वीकारला नाही. त्यांची कसोटी निराळी होती: तो माणूस शाळेपर्यंत पोचतो की नाही? पोचत असेल तर तो हवा, आणि वारंवार हवा. ही कसोटी मी या लेखात पुढेही हाताशी धरणार आहे.

त्याच दशकात पुण्याने दुसराही एक प्रयोग पाहिला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ त फर्ग्युसन कॉलेज. येथे शिक्षकच संस्थेचे चालक. दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे काढण्याची शपथ त्यांनी घेतली. कारभाराचा खर्च इतका आखूड की आजच्या संस्थाचालकांना तो दंतकथा वाटावी. पण याच मंडळीत बाहेरची मिळकत, वेतन आणि त्याग यांवरून जो वाद पेटला, त्यात टिळक १८९० साली बाहेर पडले. त्यागावर एक संस्था उभी राहते, हे पुण्याने सिद्ध केले. पण त्यागावर प्रांतभरच्या हजारो शाळा चालत नाहीत, हेही त्याबरोबर ध्यानात घ्यावे लागते. तेथे पगार लागतो, आणि पगाराला कर लागतो.

हे सर्वांत स्पष्ट कळले ते त्याच ७५ रुपयांवर राबलेल्या गोखल्यांना. १९०२ पासून काही वर्षे ते पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते आणि कलकत्त्याच्या कौन्सिलात दरसाल अंदाजपत्रकावर बोलत. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. त्याची कलमे पाहिली म्हणजे त्यात भाबडेपणा कोठेच आढळत नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती. तीही स्थानिक संस्थेने सरकारच्या परवानगीने लावावयाची. मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी असलेल्या पालकांना फी माफ. आणि खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेचा तर दोन हिस्से सरकारचे असावेत, अशी त्यांची योजना. १९ मार्च १९१२ रोजी हे बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पैसा नाही, हे कारण पुढे करणारांत केवळ इंग्रज अधिकारीच नव्हते, हे विसरता कामा नये.

पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात म्युनिसिपालिट्यांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली, आणि वहीतला तिसरा प्रश्न पुण्याच्या दारात येऊन उभा राहिला. सक्ती करावयाची तर मुलांपुरती की मुलींनाही? टिळकांच्या पक्षाचे म्हणणे असे की, म्युनिसिपालिटीच्या तिजोरीला दोहोंचा भार झेपणार नाही. आधी मुले, मग मुली. सुधारकांना, ब्राह्मणेतर पक्षाला आणि विठ्ठल रामजी शिंद्यांना हे मान्य नव्हते. १९२० च्या प्रारंभी रमाबाई रानड्यांच्या पुढारीपणाखाली पुण्यातील स्त्रियांनी मुलींच्या सक्तीसाठी मिरवणूक काढली. किर्लोस्कर नाटकगृहात झालेल्या सभेत एवढा गोंधळ उडाला की खुद्द टिळकांना आपले भाषण पुरे करता आले नाही. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला ते निवर्तले.

या प्रसंगाकडे व्यक्तींच्या अंगाने पाहण्यात मला रस नाही. पैसा कमी होता, हे खोटे नव्हते. जकात आणि घरपट्टी यांवर चालणाऱ्या म्युनिसिपालिटीला नव्या इमारती, नवे शिक्षक आणि मुलींसाठी शिक्षिका एकदम उभ्या करणे अवघड होते, हेही खरे. पण गणित खरे असले म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष न्याय्य ठरतोच असे नाही. पैसा अपुरा असताना थांबावयाचे कोणी, हे गणित सांगत नाही. ते आपण ठरवितो, आणि ठरवून झाल्यावर गणिताकडे बोट दाखवितो. दक्षिणेच्या वेळी ग्रंथ वाचू पाहणारा सामान्य मराठी माणूस थांबला होता, लोकल फंडाच्या वेळी कुणब्याचा मुलगा, आणि १९२० मध्ये मुलीला थांबण्यास सांगण्यात आले. सबब तीच, थांबणारा मात्र नेहमी दुबळा. हा योगायोग मानावयास मी तयार नाही.

१९२३ साली कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती आला. तेव्हाचे शिक्षणमंत्री फर्ग्युसनचे रँग्लर परांजपे. कायद्याप्रमाणे स्कूल बोर्डे निघाली. वाढीव खर्चापैकी निम्मा भार सरकारने म्युनिसिपालिट्यांसाठी उचलावा व जिल्हा लोकल बोर्डांसाठी दोनतृतीयांश, अशी वाटणी ठरली. लोकांचे शिक्षण लोकांच्या हाती आले. पण शिक्षकाच्या नेमणुका, बदल्या आणि बढत्या हाती आल्या म्हणजे निवडणुकीचा वास त्यांना लागतोच. १९२९ च्या हार्टोग कमिटीने सांगितले की १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत जेमतेम १८ उरली. शाळा वाढल्या, पण मुले टिकली नाहीत; आणि तपासनिसांची संख्या तोकडी असल्याचेही कमिटीने नमूद केले. जोतीरावांची ४७ वर्षांपूर्वीची तक्रार जशीच्या तशी परत आली होती.

१९३८ साली खेर मंत्रिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून सरकारची पकड पुन्हा घट्ट केली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शिक्षण मंडळ आणि प्रशासन अधिकारी ही जोडगोळी पक्की झाली: मंडळ लोकांकडून आलेले, अधिकारी सरकारकडून. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली. शाळांच्या मान्य खर्चापैकी निम्मे सरकारने द्यावयाचे; मात्र 'मान्य' कोणते हे सरकारने ठरवावयाचे. या एका शब्दावर किती शाईचा खर्च झाला असेल, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

आता अनुदान आणि शिक्षकांची पदे ही पटावर मोजली जाऊ लागली म्हणजे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात परीक्षेच्या निकालावर शाळांना पैसा मिळे, तेव्हा मास्तर पोरांकडून घोकंपट्टी करून घेत. आमच्या काळात पट हेच चलन झाले, तेव्हा पट फुगले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, आणि कागदावर असलेली सुमारे वीस लाख मुले शाळेत सापडली नाहीत. त्यावर उपाय म्हणून दफ्तर आणखी वाढले. संचमान्यता, माहितीचे तक्ते, संगणकावर भरावयाची कोष्टके यांचा भार शेवटी येऊन पडला तो त्याच शिक्षकावर. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक ठरविला, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज शिक्षकाला इतर कामाला जुंपू नये असेही म्हटले. पण कचेरीत कारकून नसला की कारकुनी नाहीशी होत नाही. ती वर्गात येऊन बसते. कागदोपत्री कचेरीचा खर्च घटतो, आणि वर्गातले तास चोरीला जातात. पगाराच्या रकान्यात हा खर्च 'शिक्षक' म्हणूनच पडतो. म्हणून कचेरीवर किती टक्के आणि वर्गावर किती, या नुसत्या आकड्याने मला कधीच समाधान होत नाही.

२०१३ साली कायदा करून शिक्षण मंडळे मोडीत काढण्यात आली. चालू मंडळांना मुदत पुरी करू दिली, आणि पुण्याचे मंडळ २०१७ मध्ये संपले. त्याच्या गैरकारभाराच्या कथा शहराला ठाऊक होत्या, म्हणून फारसे कोणी अश्रू ढाळले नाहीत. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभासदांचीही मुदत संपली आणि काही वर्षे अंदाजपत्रके प्रशासकाच्याच सहीने मंजूर झाली. म्हणजे १९२० मध्ये ज्या प्रश्नावर नाटकगृह दणाणले होते, त्याच प्रश्नाचे उत्तर या काळात सभागृहात कोणीही 'नाही' न म्हणता ठरत गेले. मला १९२० चा गोंधळ काही शोभादायक वाटत नाही. परंतु या शांततेपेक्षा तो बरा होता. निदान कोणाला थांबविले जात आहे हे साऱ्या शहराला माहीत होते.

मंडळ पुन्हा आणा, असे मला सुचवावयाचे नाही. पण महापालिकेच्या शाळांत आज ज्यांची मुले जातात, ते घरकाम करणारे, गवंडीकाम करणारे, पोटासाठी परमुलखातून आलेले लोक आहेत. त्यांना अंदाजपत्रकाची भाषा येत नाही, आणि ज्यांना ती येते त्यांची मुले त्या शाळांत नाहीत. ही फारकत माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी आहे. तेव्हा पुढच्या फेब्रुवारी-मार्चात महापालिकेचे अंदाजपत्रक छापून येईल, त्या वेळी रस्ते आणि पूल यांच्या पानांवरून थोडे पुढे जाऊन शिक्षणाचे पान उघडावे. मंजूर पदे किती व भरलेली किती, मागल्या वर्षी ठेवलेल्या रकमेपैकी प्रत्यक्ष खर्च किती झाली, आणि तपासणीसाठी नेमलेला माणूस वर्षातून किती वेळा, वर्दी न देता, शाळेत गेला, एवढे तीन प्रश्न विचारावेत. शेवटचा प्रश्न १८८२ सालचा आहे. त्याचे उत्तर देणे अजून बाकी आहे.