जेझुइट शाळांचे ध्येय : ‘इतरांसाठी माणसे’

मूल ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालायचे म्हटले की शहरी पालकांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी, शिस्त आणि दहावीचा निकाल उभा राहतो. ती शाळा कोणत्या श्रद्धेतून निघाली, तिला कसा माणूस घडवायचा आहे, याची चौकशी प्रवेश अर्ज भरताना सहसा कोणी करीत नाही. मुळात कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ. मुंबईचे सेंट झेवियर्स, माझगावचे सेंट मेरीज, वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस किंवा पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स यांना तो शब्द लागूही पडत नाही. ‘येशूसंघ’ अर्थात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या या शाळा. ख्रिस्ती शाळांमध्ये आपले शैक्षणिक तत्त्वज्ञान सर्वात तपशिलाने लिहून ठेवणाऱ्यांत या संघाची गणना करावी लागेल.

संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे बास्क प्रांतातील सैनिक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचे आयुष्य पालटले. १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली. तेव्हा शाळा काढण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. सिसिलीतील मेसिना शहराच्या आग्रहावरून १५४८ मध्ये सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी पहिले विद्यालय सुरू झाले आणि पुढे शाळा हेच संघाचे प्रमुख कार्य होऊन बसले. १५९९ मध्ये ‘रातिओ स्तुदिओरम’ ही शिक्षणाची नियमावली प्रसिद्ध झाली. कोणत्या इयत्तेत काय शिकवावे, उजळणी कशी घ्यावी, विद्यार्थ्यांत चुरस कशी निर्माण करावी, इथपर्यंतचे नियम तीत आहेत.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी श्रद्धा आहे. ईश्वर सर्व गोष्टींत शोधता येतो. म्हणून गणित, नाटक, खगोलशास्त्र हे विषय धर्माबाहेरचे ठरत नाहीत. ते मन लावून शिकविणे हीच उपासना. तिला जोडून दोन संज्ञा जेझुइट शाळांत सतत ऐकू येतात. ‘कुरा पेर्सोनालिस’ म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची व्यक्ती म्हणून काळजी, आणि ‘माजिस’ म्हणजे ‘अधिक’. हे अधिक गुणांचे नव्हे. दोन चांगल्या मार्गांपैकी अधिक व्यापक हिताचा कोणता, हे पारखण्याची सवय, असा त्याचा अर्थ आहे. गुणपत्रिकेच्या स्पर्धेत हा फरक कितपत टिकतो, हा प्रश्न वेगळा.

या धर्मसंघाचा आपल्या भागाशी संबंध फार जुना. संघाच्या पहिल्या सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. तेथील सेंट पॉल विद्यालयात १५५६ मध्ये छापखाना आला. इंग्लंडहून आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून झाले. लोकांपर्यंत पोचायचे तर त्यांची भाषा शिकली पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. १८६९ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स स्थापन झाले तेव्हा मात्र शिक्षणाची आणि नोकरीची भाषा इंग्रजी ठरून गेली होती. पुढे याच इंग्रजीने या शाळांच्या दारात रांगा लावल्या.

शुल्काची कथाही अशीच. शिक्षण विनामूल्य असावे, असा इग्नेशियस यांचा दंडक होता; नगरे व राजे यांनी दिलेल्या कायम निधीवर विद्यालये चालत. १७७३ मध्ये पोपनी संघच विसर्जित केला. १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, पण जुन्या मालमत्ता परतल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात शुल्क घेण्याची मुभा घ्यावी लागली. शुल्क आले तसा ते भरू शकणारा वर्ग शाळेत वाढत गेला.

या विसंगतीवर बोट ठेवले ते संघाच्या प्रमुखांनीच. पेद्रो आरूपे हे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले धर्मगुरू ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाच्या सीमेवरील संघाच्या निवासात होते. अणुबॉम्बने होरपळलेल्यांसाठी त्यांनी त्या वास्तूचे रुग्णालय केले. १९६५ मध्ये ते संघप्रमुख झाले. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे युरोपातील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांनी विचारले, आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिक्षण दिले काय? उत्तरही त्यांनीच दिले. प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. ‘इतरांसाठी माणसे’ घडविणे हे शिक्षणाचे ध्येय त्यांनी त्या दिवशी मांडले. सुस्थितीतील श्रोत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. १९७५ मध्ये संघाच्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची स्थापना या गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येणार नाहीत, असा ठराव केला.

१९९३ च्या अध्यापनविषयक दस्तऐवजात याची वर्गातली रीत सापडते. संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन अशा तिच्या पाच पायऱ्या. उदाहरणार्थ, पाणीपुरवठ्याचा धडा असेल तर मुलाच्या घरी नळाला किती वेळ पाणी येते इथून सुरुवात व्हावी, टॉवरमधल्या व चाळीतल्या मुलाने आपापला अनुभव सांगावा, फरक का पडतो याचा विचार व्हावा आणि मग काही करावे. अर्थात यासाठी चाळीतले मूल वर्गात असावे लागते!

आपल्याकडे यात राज्यघटनाही येते. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची व्याप्ती स्पष्ट केली. अनुच्छेद २८ नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत संमतीवाचून कोणालाही धार्मिक शिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. अज्ञान मुलाबाबत पालकाची संमती लागते. म्हणूनच कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात तेव्हा इतरांना ‘मॉरल सायन्स’ असते.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्यास सांगितले. २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने अनुदानित असोत वा विनाअनुदानित, सर्व अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. हक्काच्या दृष्टीने हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु १९७५ पासून न्याय हे आपले ध्येय मानणाऱ्या शाळांना ही सूट शोभते का, हे त्यांच्याच मोजपट्टीने विचारावे लागते.

संघाकडे याला उत्तर नाही असे नव्हे. व्हेनेझुएलात होसे मारिया व्हेलास या जेझुइट धर्मगुरूंनी १९५५ मध्ये काराकासच्या गरीब वस्तीत एका गवंड्याने देऊ केलेल्या घरात शाळा उघडली. ‘फे इ आलेग्रिया’ या नावाने ते काम लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत पसरले. आपल्याकडेही तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात जेझुइटांनी शैक्षणिक कार्य उभे केले. मात्र तलासरीतले मूल आणि धोबी तलावातले मूल एका वर्गात बसत नाही. सूट म्हणजे बंदीही नव्हे. अल्पसंख्याक शाळेने स्वेच्छेने जागा राखल्यास कायदा आडवा येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘प्रमती’ निकालाच्या अचूकतेविषयीच शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाच्या विचारासाठी हा प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले.