पवनारचा किल्ला : एका टेकाडावरची तीन पर्वे

वर्धा शहरापासून जवळच, नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी पवनार आहे. पवनार म्हटले की विनोबा आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण या गावात मध्ययुगात एक नामांकित किल्ला होता, हे आम्हा वैदर्भीयांच्याही सहसा ध्यानात नसते.

अकबराच्या फौजांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतला. त्याआधी बहमनी, इमादशाही आणि निजामशाही अशा राजवटी येथे होऊन गेल्या होत्या. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचे नाव आहे. उंचवट्यावरचा, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला भक्कम किल्ला, असे त्याचे वर्णन येते. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा महसुली विभाग. पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसले ते १८६६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी या मुलखाचा कारभार पवनारातून चालत होता.

लोककथा मात्र पवन राजाची आहे. त्याच्याजवळ परीस होता. रयतेकडून तो कर म्हणून नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि त्यांचे सोने करी. पुढे सय्यद शाह कबीर आले, त्यांच्यापुढे राजाचे काही चालेना आणि त्याने राणीसह धामच्या डोहात उडी घेतली. ही कथा कोणी विजयाची म्हणून सांगतो, कोणी अन्यायाची म्हणून. आम्हाला तीत सत्तांतराची धूसर आठवण दिसते. तिला पुरावा मानून आज कोणाशी हिशेब मांडणे शहाणपणाचे नाही.

पुरावा जमिनीत आहे. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. सातवाहन, वाकाटक आणि त्यांच्यावर मुस्लिम-मराठा काळ, असे थर एकाच मातीत मिळाले. वा. वि. मिराशींनी पवनार हेच वाकाटक प्रवरसेनाचे प्रवरपूर असल्याचे मांडले. काही अभ्यासक मनसरचेही नाव घेतात.

विनोबा १९३८ मध्ये येथे आले. शेत खोदताना त्यांना भरत-राम भेटीचे शिल्प मिळाले. अशी वाकाटककालीन शिल्पे आज आश्रमात जपलेली आहेत. एका अर्थाने ते पवनारचे संग्रहालयच. याच विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि त्यांचे 'कुराण-सार' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमचे म्हणणे एवढेच, की शिल्पांना जो जिव्हाळा मिळाला तोच किल्ल्याच्या विटा-दगडांनाही मिळावा. वाकाटकांचे पवनार आपले आणि सुभ्याचे पवनार परके, अशी वाटणी मातीने केलेली नाही. वरचा थर पुसला तर खालच्याचाही अर्थ उणा होतो.