गाडी कितव्या गिअरमध्ये आहे? मीटरवरच्या एका आकड्याचा इतिहास

१/ आजच्या बहुतेक मोटारसायकलींच्या मीटरवर गिअरचा आकडा दिसतो. न्यूट्रल असेल तर हिरवा दिवा लागतो. हा आकडा चुकू लागला की काही जण गॅरेज गाठतात, तर काही जण घरीच सेन्सर पुन्हा जुळवून घेतात. या छोट्याशा जुळवणीमागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो या धाग्यात पाहू.

२/ आरंभी हा प्रश्नच नव्हता. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोठ्या संख्येने विक्रीसाठी बांधलेली पहिली मोटारसायकल आणली. तिला क्लच नव्हता आणि गिअरही नव्हते. इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. चाक फिरले की इंजिन फिरणार, इंजिन थांबले की चाकही थांबणार.

३/ पुढे गिअर आले, ते हाताने बदलायचे. टाकीच्या बाजूला एक दांडा आणि त्यासाठी खाचा असलेली पट्टी असे. दांडा ज्या खाचेत, तो गिअर. चालकाने खाली नजर टाकली की उत्तर मिळे. अंधारात हातानेही चाचपता येई. यंत्राची आतली स्थिती आणि बाहेरची खूण यांत अंतरच नव्हते. मात्र प्रत्येक वेळी एक हात हँडलवरून काढावा लागे.

४/ शर्यतीत ही अडचण जिवावर बेतू शके. पायाने गिअर बदलण्याचे प्रयोग आधीही झाले होते, पण पायाचा जोर जरा अधिक लागला की एखादा गिअर ओलांडला जाई. १९२८ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीतील हॅरोल्ड विलिस यांनी यावर उपाय शोधला. पायाच्या एका दाबाने एकच गिअर बदलायचा, आणि पाय सुटताच लिव्हर पुन्हा मूळ जागी यायची.

५/ आज जवळजवळ प्रत्येक मोटारसायकल याच तत्त्वावर चालते. पण या सोयीची एक किंमत होती. लिव्हर नेहमी एकाच जागी परत येत असल्यामुळे तिच्याकडे पाहून गिअर कळेनासा झाला. हात मोकळा झाला, पण डोळ्यांना मिळणारी खूण हरवली. गिअर पोझिशन सेन्सरची खरी जन्मकथा इथे सुरू होते.

६/ आपल्याकडच्या जुन्या पिढीला या दोन्ही जगांचा अनुभव आहे. बजाज चेतकच्या डाव्या मुठीवर १, ०, २, ३, ४ असे आकडे होते. क्लच दाबून मूठ फिरवली की गिअर समोर दिसे. जुन्या बुलेटवर मात्र अंदाजच बांधावा लागे. म्हणूनच तिला न्यूट्रल शोधून देणारी वेगळी लिव्हर होती. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून ती टाचेने दाबली की गाडी थेट न्यूट्रलमध्ये येई.

७/ १९७४ च्या सुमारास सुझुकीने जीटी ७५० वर गिअरचा उजळ आकडा दाखवायला सुरुवात केली. गिअरबॉक्समध्ये शिफ्ट ड्रम नावाचा एक दंडगोल असतो. गिअर बदलला की तो ठरावीक अंशांत फिरतो. सहा गिअरच्या अनेक गाड्यांत सुमारे ६० अंश. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधोमध न्यूट्रल. ड्रम किती फिरला हे मोजले की गिअर कळतो.

८/ आरंभी प्रत्येक गिअरसाठी वेगळा विद्युत्संपर्क असे. पुढे एकाच तारेतून निरनिराळा व्होल्टेज पाठवणारे सेन्सर आले. इंधन-इंजेक्शनच्या युगात हा आकडा केवळ चालकासाठी राहिला नाही. ईसीयूसुद्धा तो वाचू लागला. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि इंजेक्शन साध्या दुचाकींपर्यंत पोहोचले.

९/ ईसीयू या संकेतावर किती विसंबतो, याचे उदाहरण हायाबुसा. १९९९ मध्ये आलेल्या या गाडीत ईसीयू गिअर पाहून ठिणगीची वेळ बदलत असे. काही चालकांनी सेन्सरच्या तारेत छोटे उपकरण बसवले आणि गाडी सदैव पाचव्या गिअरमध्ये असल्याचे ईसीयूला भासवले. ईसीयूने ते खरे मानले, कारण पडताळून पाहण्यास त्याला दुसरे साधन नव्हते.

१०/ म्हणूनच चुकलेला संकेत केवळ गैरसोयीचा नसतो. गाडी गिअरमध्ये असताना न्यूट्रलचा दिवा लागला आणि क्लच न दाबता स्टार्टर दाबला, तर गाडी पुढे झेप घेते. यासाठी एक साधी सवय लावून घ्यावी: दिवा हिरवा असला तरी आधी गाडी थोडी ढकलून पाहावी. चाक मोकळे फिरत नसेल, तर दिव्यावर विश्वास ठेवू नये.

११/ आता घरची जुळवणी. आधी बॅटरी तपासावी. उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट हवेत. मग सेन्सरचा कनेक्टर उघडून पिना स्वच्छ कराव्यात. पुष्कळदा दोष गंजात किंवा ओलाव्यात असतो आणि सेन्सरला हात लावण्याची गरजच उरत नाही.

१२/ त्यानंतर गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्यावी. इंजिन बंद, चावी चालू. मागचे चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकावा आणि संकेताच्या तारेवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून वहीत लिहावा. साधारण ५ व्होल्टच्या आत न्यूट्रलसह सात पायऱ्या बसवायच्या असतात. त्यामुळे दोन पायऱ्यांत सरासरी अर्धा-पाऊण व्होल्टच अंतर राहते.

१३/ वहीतले आकडे निदान सांगतात. सगळ्या पायऱ्या स्पष्ट, पण सारख्याच सरकलेल्या असतील, तर जुळवणीने काम होते. एकाच गिअरमध्ये आकडा उड्या मारत असेल, तर सेन्सर झिजला आहे. तो बदलणेच इष्ट. जुळवणीची रीत गाडीगणिक वेगळी असते. कुठे लांबट भोकांतला सेन्सर किंचित फिरवायचा असतो, तर कुठे निदान-उपकरण जोडून ईसीयूला नव्याने शिकवायचे असते. त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल हाच प्रमाणग्रंथ.

१४/ काही मीटर ड्रम मोजतच नाहीत. इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांच्या गुणोत्तरावरून ते गिअर ओळखतात. चेन-स्प्रॉकेटचे दात बदलले की त्यांचे गणित चुकते आणि प्रत्येक गिअरमध्ये गाडी चालवून ते पुन्हा शिकवावे लागते.

१५/ इथे आजचा प्रश्न उभा राहतो. टाकीवरच्या दांड्याची खाच कोणीही कानस घेऊन दुरुस्त करू शके. आज ईसीयूला शिकवण्याची किल्ली अनेकदा निर्मात्याच्या उपकरणातच असते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे. आपल्या मालकीच्या यंत्राची माहिती आपल्याला मिळावी, हीच त्यामागची मागणी.

१६/ विलिस यांच्या लिव्हरने चालकाला वेग दिला आणि गिअरची खूण यंत्राच्या पोटात लपवली. पुढची सगळी धडपड ती खूण पुन्हा बाहेर आणण्याची होती. घरी मल्टिमीटर घेऊन बसणारा चालक त्याच धडपडीचा वारसदार आहे.